अर्धी घ्यायची, अर्धी ठेवायची

सकाळची जपमाळ पुरी होईपर्यंत गांदोल्फा कोणाशी बोलत नसे. दारात पोस्टमन उभा असो की शेजारच्या कोंबड्या परसात शिरोत, तिचा उजवा हात मण्यांवर आणि डावा हात ‘थांबा’ म्हणत हवेत. नवरा होता तेव्हा तो म्हणायचा, “घराला आग लागली तरी ही आधी शेवटचा मणी ओढेल आणि मग बादली शोधेल.” नवरा गेला, नेम राहिला. शुक्रवारी मांस नाही, शनिवारी मातेच्या मूर्तीपुढे दिवा, आणि रोज झोपण्यापूर्वी गावातल्या एका आजारी माणसाचं नाव घेऊन प्रार्थना. हे नेम गावाला ठाऊक होते. एक मात्र कोणालाच ठाऊक नव्हता.

एकोणीस वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला एका वसंतात डोंगर चढवून कोर्वोच्या पठारावर नेलं होतं. वाटेत एक शब्द नाही. वर गेल्यावर रानबडीशेपेसारख्या दिसणाऱ्या, पिवळ्या तुऱ्यांच्या एका झुडपापाशी त्यांनी तिला उभं केलं, तिचा हात धरून तळवा जमिनीवर टेकवला. हाताखाली काहीतरी गार, घट्ट आणि गोल होतं. बासिलिस्कु! मादोनिएच्या या डोंगरांतली ती पांढरी, मांसल अळंबी. गेल्या वर्षीच्या झुडपाचं मूळ मेलं की त्या मुळावर ती उगवते, चुनखडीच्या मातीला आतून ढुशी देते, आणि माती जराशी फुगते. ती फुगी ज्याला दिसली त्यालाच अळंबी मिळते.

खाली उतरताना वडील सान गांदोल्फोच्या देवळीपाशी थांबले. ज्या संतावरून तिचं नाव ठेवलं होतं, त्याच्याच पायावर हात ठेवून त्यांनी तिला शपथ घातली. जागा तोंडाने कोणाला सांगायची नाही. दाखवायची ती रक्ताच्या माणसाला, एकदाच, तिथे नेऊन उभं करून. आणि जेवढी उगवतील त्यातली अर्धी घ्यायची, अर्धी ठेवायची.

गावातल्या जुन्या घरांमधून अशा शपथा होत्याच. कोणाच्या टोपलीत बासिलिस्कु दिसली तर ‘कुठे मिळाली’ असं विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या चुलीवरच्या पातेल्याचं झाकण उचलण्याइतकं असभ्य. म्हणून गांदोल्फा पहाट होताच कबरस्तानामागच्या पायवाटेने वर जायची, टोपलीवर रानभाजीचे पाले पसरून खाली यायची, आणि भेटलेल्याला म्हणायची, “भाजीला गेले होते.” भेटलेला म्हणायचा, “छान, छान. कोवळी दिसतेय.” दोघांनाही सगळं कळायचं आणि दोघंही आपापल्या वाटेने जायची.

अलीकडे टोपली भरत नव्हती. ती नेमाने अर्धी ठेवून यायची आणि पुढच्या आठवड्यात जाऊन पाही तो ठेवलेलीही कापून नेलेली! “शहरातून गाड्या घेऊन येतात मेले,” ती मनात म्हणायची, आणि लगेच ‘मेले’ म्हटल्याबद्दल एक प्रार्थना जास्त करायची.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी चर्चच्या सभागृहात गाव जमलं. बोलावलं होतं दोरोतेयाने. दोरोतेया म्हणजे गांदोल्फाच्या धाकट्या बहिणीची मुलगी. जंगलखात्यात होती आणि डोंगरावरच्या देवदारांचं काम बघायची. या जातीचे देवदारही या डोंगरांखेरीज कुठे नाहीत, आणि मोठी झाडं उरली आहेत तिसाच्या आसपास. प्रत्येक झाडाला नंबर आहे, सभोवती कुंपण आहे. गावाने पुन्हा आपली नावं ठेवली आहेत ती वेगळीच. एका अंग धरलेल्या, रुंद झाडाला सगळे ‘बिशप’ म्हणतात.

दोरोतेयाने भिंतीवर नकाशा दाखवला. “रोपवाटिकेतली रोपं आता लावण्याजोगी झालीत. शेंगेत... म्हणजे शंकूत बी असतं ढीगभर, पण बहुतेक पोकळ. त्यातून निवडून निवडून ही रोपं आम्ही वाढवलीत. ती कुठेही लावून चालत नाही. खालच्या बाजूला पूर्वी बाहेरचे देवदार लावलेत ना, त्यांचे पराग येऊन मिसळतात. त्यापासून लांब अशी जागा पाहिजे. कोर्वोचं पठार तसं आहे. सगळं पठार कुंपणात घ्यायचं, शेळ्या बंद, आणि आत रोपं.”

गांदोल्फाचा हात खिशातल्या जपमाळेवर गेला. कोर्वो.

“झाडाला नंबर, कुंपण, वर पाटी!” न्हावी बास्त्यानु मागून म्हणाला. “माझ्या आईला म्हातारपणी कोणी इतकं जपलं नाही. आणि बिचाऱ्या बासिलिस्कुला काय? कढई!”

सभागृह हसलं. दोरोतेयाही हसली, पण तिने तो धागा सोडला नाही. “बास्त्यानुकाका, बरोबर बोललात. दोन्ही आपलीच लेकरं आणि दोन्ही संपत आलीत. पण झाड निदान जागेवर उभं असतं. मोजता येतं, आजारी पडलं तर दिसतं. बासिलिस्कु कुठे आहे ते मला कसं कळणार? ते तुम्हाला माहीत, आणि तुमच्या तोंडाला कुलूप. म्हणून आज सगळ्यांसमोर विचारते. कोर्वोच्या पठारावर असं काही आहे का, ज्याला या लागवडीने धक्का लागेल?”

कोणी हूं की चूं केलं नाही.

एपिफानिओ शेळीवाला, गांदोल्फाच्या नवऱ्याचा चुलतभाऊ, गवताच्या काडीसाठी तहसीलदाराशी भांडणारा माणूस. तो आढ्याकडे बघत बसला होता. आढ्याला जुन्या देवदाराच्या तुळया होत्या, त्या जणू आजच बसवल्यात अशा नजरेने. जिरोलामा, गांदोल्फाची जिवलग, जी रोज सकाळी तिच्याबरोबर प्रार्थनेला यायची, ती पर्समध्ये रुमाल शोधत होती, आणि तो तिच्या हातातच होता. गांदोल्फाला यातलं काही दिसलं नाही. ती मान खाली घालून मणी ओढत होती.

“पुढच्या गुरुवारी पुन्हा बसू,” दोरोतेया म्हणाली. “तोवर कोणी काही बोललं नाही, तर सोमवारी काम सुरू.”

शुक्रवारी सकाळी जपमाळ झाल्यावर गांदोल्फाने बहिणीच्या लेकीला फोन केला. “गाडी आण. आणि बूट घालून ये.”

“कुठे जायचंय, मावशी?”

“ये तर खरी.”

गाडी रस्ता संपेपर्यंत गेली, पुढे पायवाट. वाटेत ‘बिशप’ लागला. मे महिना, नवे कोंब फुटलेले. फांदीच्या टोकाला आडव्या-उभ्या डहाळ्या अशा काटकोनात निघतात की प्रत्येक टोकाला एक हिरवा क्रूस. म्हातारी माणसं या झाडाला क्रुसांचं झाड म्हणतात ते उगीच नाही. गांदोल्फा थांबली, कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून तिने झाडाला नमस्कार केला.

“तुला माहीत आहे मावशी, हे झाड पुस्तकांत मेलेलं होतं,” दोरोतेया म्हणाली. “संपलं म्हणून लिहून टाकलं होतं शहाण्यांनी. जिथे कुऱ्हाड पोचली नाही अशा कातळांवर काही उरलीत हे नंतर कळलं. कोणीतरी वर चढलं, पाहिलं, आणि खाली येऊन बोललं.”

“बोललं नसतं तर?”

“तर बिशपला कुठल्या तरी शेळीने कोवळा असताना खाल्लं असतं, नाहीतर कोणी नाताळात तोडून घरी नेलं असतं. कळलंही नसतं कोणाला.”

 पुढची चढण गांदोल्फाने एकदाही न थांबता चढली. मागून दोरोतेयाच धापा टाकत होती.

पठारावर पोचल्यावर तिने भाचीला एका पिवळ्या झुडपापाशी उभं केलं. तिचा हात धरला, तळवा जमिनीवर टेकवला. वडिलांनी केलं होतं तस्संच, शब्दाविना. दोरोतेयाने बोटांनी माती हलकेच बाजूला केली आणि मटकन गुडघ्यांवर बसली.

“मावशी! अगं, काल का नाही बोललीस?”

“तोंडाने सांगायचं नसतं. तू रक्ताची, तुला दाखवली. माझ्या बाजूने झालं.”

“झालं कसं?” दोरोतेया गुडघ्यांवरच इकडून तिकडे सरकत पाहत होती. “कुंपण घातलं की शेळ्या बंद. शेळ्या ही झुडपं खात नाहीत, बाकीचं सगळं खातात. म्हणून यांना ऊन मिळतं. गवत, काटेरी जाळ्या वाढल्या की दोन-चार वर्षांत झुडपं गुदमरणार. झुडूप गेलं की मूळ नाही. मूळ नाही तर...”

“ठाऊक आहे मला.”

“मला पण ठाऊक होतं, म्हणूनच तर विचारलं ना सगळ्यांना! जिथे झाडाला शेळी म्हणजे काळ, तिथे हिला शेळी म्हणजे देव. दोघांना एका कुंपणात नांदवता येत नाही.” मग जमिनीवरच्या एका जागेकडे तिने बोट दाखवलं. “हे तू कापलंस?”

गांदोल्फाने वाकून पाहिलं. ताजा देठ होता. “मी गेल्या आठवड्यात ठेवलेली होती ही. बघ, शहरातले चोर! मी अर्धी ठेवते आणि ते येऊन झाडून नेतात.”

“शहरातले उपटतात गं मावशी. मुळासकट ओरबाडतात आणि खड्डा तसाच टाकतात. हे बघ. चाकूने कापलंय, देठ ठेवलाय, वर माती ओढून तळव्याने दाबलीय. बोटांचे ठसे आहेत अजून.” तिने वर पाहिलं. “असं करायला तुला कोणी शिकवलं?”

“वडिलांनी.”

“मग हेही कोणाच्या तरी वडिलांनीच शिकवलंय. हे गावातलं काम आहे.”

गांदोल्फा त्या दाबलेल्या मातीकडे पाहत राहिली. इतकी वर्षं तिने चोराला शिव्या दिल्या होत्या, आणि चोराचा हात तिच्या हातासारखाच सोज्वळ होता.

“हे बघ,” दोरोतेया कपडे झटकत उठली. तिचा आवाज आता जंगलखात्याचा होता, पण डोळे भाचीचेच. “मी काही खोटं बोलणार नाही. ती रोपं मी हाताने वाढवलीत. यापेक्षा चांगली जागा शोधायची तर मलाही घाम फुटेल. तरीपण बदलेन. मात्र वरच्यांना मी काय सांगू? ‘माझ्या मावशीने गुपचूप दाखवलं, नाव सांगायचं नाही’? ते म्हणतील, पाहणीत काही आढळलं नाही, सभेत कोणी बोललं नाही, आता ही कुठली अळंबी? गुरुवारी तुला सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागेल.”

“तोंडाने?”

“तोंडानेच, मावशी.”

पुढचे दिवस गांदोल्फाने नेहमीसारखेच काढले. भाकरीसारखा जाड पाव भाजला, वालाच्या कोवळ्या शेंगा सोलल्या, शनिवारी दिवा लावला. वरवर पाहणाऱ्याला काही वेगळं दिसलं नसतं. फक्त पाव दोनदा करपला.

तिला झाडाचा राग आला नव्हता, हीच खरी पंचाईत होती. एखाद्या परक्या झाडासाठी पठार मागितलं असतं, तर ती कधीच कंबर कसून उभी राहिली असती. पण ते क्रुसांचं झाड. चर्चच्या ज्या तुळयांखाली तिचा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, नवऱ्याची शवपेटी ठेवली, त्या त्याच झाडाच्या. झाड देवाचं होतं आणि अळंबी वडिलांची. एकीकडे हात जोडायचे आणि दुसरीकडे जमिनीवर टेकवायचे, इतकं सगळं सोपं होतं आजवर.

पण एक गोष्ट तिच्या मनातून हलेना. झाड मेलेलं होतं, आणि कोणीतरी बोललं म्हणून ते जगलं. अळंबी जिवंत होती, आणि कोणी बोलत नव्हतं म्हणून ती चालली होती.

बुधवारी दुपारी, चर्चमध्ये कोणी नसताना, ती सान गांदोल्फोच्या मूर्तीपुढे जाऊन उभी राहिली. गुडघे टेकले नाहीत.

“विचारायला नाही आले,” ती हळू आवाजात म्हणाली, “सांगायला आलेय. शपथ मी मोडणार आहे. वडिलांनी ती घातली तेव्हा गप्प राहून जागा टिकत होती. आता गप्प राहून ती जातेय. मला वाटतं त्यांना जागा प्यारी होती, माझं गप्प बसणं नव्हे. माझं चुकत असेल तर मी वर आल्यावर तुम्ही आणि ते मिळून काय ते बोला. आणि शपथ मोडण्याचं प्रायश्चित्त म्हणून बासिलिस्कु मी आता जन्मात खाणार नाही.”

एवढं बोलून ती वळली. मग पुन्हा मागे आली. “निखाऱ्यावर भाजलेली, वर तेल आणि जरासं मेंढीचं चीज घातलेली,” ती संताला म्हणाली, “म्हणजे मी काय सोडतेय ते तुम्हाला नीट कळावं.”

गुरुवारी सभागृह पुन्हा भरलं. दोरोतेयाने नकाशा लावला, तोच प्रश्न विचारला. पुन्हा तीच शांतता उतरायला लागली, आणि ती पुरती उतरण्याआधी गांदोल्फा उभी राहिली.

तिचा आवाज मुळातच बारीक. मागच्या रांगेत बास्त्यानु म्हणाला, “काही ऐकू येत नाही, गांदोल्फाताई!”

म्हणून तिला मोठ्याने बोलावं लागलं. “कोर्वोच्या पठारावर बासिलिस्कु उगवते,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांची जागा आहे ती. वरच्या अंगाला, कातळाच्या अलीकडे, पिवळ्या झुडपांत. कधी तोंडाने कोणाला सांगितली नाही. कुंपण घातलंत तर ती मरेल.”

या गावात आजवर कोणी आपली जागा तोंडाने सांगितली नव्हती.  आणि तेवढ्यात एपिफानिओ ताडकन उठला. त्याची खुर्ची मागे पडली.

“वहिनी, तोंड सांभाळून बोला! तुमच्या वडिलांची? ती जागा माझ्या आजोबांची आहे!”

“भावजी, काय बोलता?”

“मंगळवारी जातो मी तिथे, मंगळवारी! शेळ्या वर सोडायच्या निमित्ताने. अर्धी घेतो, अर्धी ठेवतो. आणि ती ठेवलेली कोण नेतं म्हणून तीन वर्षं मी दबा धरून बसायचं ठरवतोय!”

“मी शुक्रवारी जाते,” गांदोल्फा म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांपुढे ती दाबलेली माती उभी राहिली. “जेवढी दिसतात, त्यातली अर्धी घेते.”

“म्हणजे माझी अर्धी!”

“म्हणजे माझी अर्धी तुम्ही, भावजी!”

सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात पहिल्या रांगेतून हुंदका आला. जिरोलामा रुमालात तोंड खुपसून बसली होती. गांदोल्फा धावली. “काय झालं गं? बरं नाही वाटत का?”

जिरोलामाने रुमाल बाजूला केला. ती रडत होती की हसत होती ते तिचं तिलाच कळत नसावं. “रविवार,” ती म्हणाली.

“काय रविवार?”

“मी रविवारी जाते. दुपारी, सगळे झोपतात तेव्हा. माझ्या आत्याने दाखवलेली जागा. मी पण अर्धी ठेवते गं, गांदोल्फा. देवाशपथ ठेवते.”

गांदोल्फा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. चाळीस वर्षं रोज एका बाकावर गुडघे टेकले होते दोघींनी. सुनेच्या कागाळ्या, नवऱ्यांची दुखणी, पोटातलं ओठांवर आणलं नाही असं काही नव्हतं. आणि हे!

“रविवारी प्रार्थनेला माझ्या शेजारी बसायचीस,” गांदोल्फा म्हणाली, “आणि दुपारी माझ्या बापाच्या जागेवर जायचीस?”

“आणि तू शुक्रवारची भाजी म्हणून माझ्या आत्याची अळंबी आणायचीस! मला वाटायचं, हिला बाई इतकी भाजी आवडते तरी कशी!”

कोणीतरी हसलं, आणि मग सभागृहाला आवरेना. बास्त्यानु तर टाळ्या वाजवत होता. “तीन प्रामाणिक माणसं!” तो ओरडला. “एखादा तरी चोर असता तर लवकर पकडला गेला असता!”

दोरोतेया नकाशापुढे उभी होती. ती हसत नव्हती. “मंगळवारी अर्धी,” ती बोटं दुमडत म्हणाली, “उरलेल्याची शुक्रवारी अर्धी, त्यातली पुन्हा रविवारी अर्धी. आणि पुन्हा मंगळवार. बीज धरायला काय राहणार? तुम्ही तिघांनी नेम पाळला आणि नेमानेच तिला संपवत आणलंत.”

हशा विरला. एपिफानिओने पडलेली खुर्ची उचलली आणि तिच्यावर जपून बसला, जणू तीही मोडेल.

“आणखी कोणी आहे?” गांदोल्फाने उभं राहून विचारलं. आता तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जात होता. “असेल तर आत्ताच बोला. मी वडिलांची शपथ मोडलीय, तुम्हाला तर नुसतं तोंड उघडायचंय.”

एक-दोघांनी चुळबुळ केली. शेवटी सुताराची बायको हळूच म्हणाली, “आम्ही कधीतरी. पावसानंतर.” आणि तिच्या नवऱ्याने कपाळाला हात लावला.

“ठीक. म्हणजे चार घरं.” गांदोल्फाने दोरोतेयाकडे पाहिलं. “आता तुझं सांग. रोपांना काय पाहिजे?”

“शेळ्यांपासून आडोसा. आणि खालच्या परक्या देवदारांपासून लांब जागा.”

“पठाराच्या वरच्या बाजूला कातळ आहे, त्याच्या खाचांमध्ये माती आहे. तिथे नाही का चालणार? बिशप तरी कुठे मऊ गवतावर वाढलाय?”

दोरोतेयाने नकाशावर बोट फिरवलं. “चालेल. पण तिथे सगळ्यांना मिळून एक कुंपण घालता येणार नाही, प्रत्येक रोपाला वेगळी जाळी लागेल. काम तिप्पट. आणि उन्हाळ्यात पाणी वर वाहून न्यावं लागेल. तेवढी माणसं माझ्याकडे नाहीत.”

“भावजी गाढव देतील,” गांदोल्फा म्हणाली.

“मी कधी म्हटलं?” एपिफानिओ म्हणाला.

“तुमच्या शेळ्या पठारावर चरत राहणार आहेत ना? मग गाढवही चढेल. पाणी आम्ही चार घरं देऊ. आळीपाळीने. आणि या वर्षी कोर्वोवर कोणीही चाकू लावायचा नाही.”

“वहिनी! जूनमध्ये माझ्या लुचियाचं लग्न आहे! व्याह्यांना मी बासिलिस्कु वाढीन म्हणून सांगून बसलोय. आता काय वाढू, जपमाळ?”

“रिकोटा चीज वाढा. तुमच्या शेळ्यांचा रिकोटा खाऊन व्याही बासिलिस्कु विसरतील.”

“स्तुती करून गाढव नेऊ नका.”

“स्तुती नाही, खरंच सांगतेय.”

तो पुटपुटत राहिला, पण ‘नाही’ म्हणाला नाही. आणि एपिफानिओच्या बाबतीत ते म्हणजे सही-शिक्काच. दोरोतेयाने नकाशावरची मोठी चौकोनी रेघ खोडली आणि कातळाच्या बाजूने लहान लहान खुणा करायला घेतल्या. खुणा करता करता एकदा तिने डोळे पुसले. ते रोपांच्या काळजीने की मावशीच्या कौतुकाने, हे गांदोल्फाने विचारलं नाही.

रोपं लागली. पोरं वाटतील इतकी लहान, प्रत्येकाला जाळीचा परकर नेसवलेला. खाली पठारावर शेळ्या पिवळी झुडपं सोडून बाकी सगळं फस्त करत फिरत होत्या. गांदोल्फा आणि जिरोलामा आता गावातून, मधल्या रस्त्याने, दिवसाढवळ्या वर जायच्या. जिरोलामा म्हणाली, “इतकी वर्षं ओढ्यातून जायचे गं मी. पायांवर ओरखडे बघ. नवऱ्याला सांगायचे, मांजर आहे.”

“तुमच्याकडे मांजर कुठे होतं?”

“तेच तर तो विचारायचा.”

झुडपांपाशी त्या वाकून बघत. माती जिथे फुगली होती तिथे हात लावत नसत. एकदा पांढरी टोपी चांगली उघडून तळहाताएवढी झाली, कडा वर वळल्या, आणि गांदोल्फाला उमगलं की इतकी म्हातारी बासिलिस्कु आपण जन्मात पाहिली नाही. त्या वयापर्यंत तिला कोणी जगूच दिलं नव्हतं. 

जूनच्या सुरुवातीला एका शनिवारी त्या, आणि गाढवाबरोबर एपिफानिओ, पाण्याची पहिली खेप ओतून डबे पुन्हा भरायला खाली उतरत होते. रस्ता संपतो तिथे शहरातली गाडी उभी होती. एक तरुण जोडपं, दोघांच्या हातात नव्याकोऱ्या टोपल्या, नवऱ्याच्या पट्ट्याला चाकू.

“नमस्कार,” तो तरुण म्हणाला. “इथे म्हणे बासिलिस्कु मिळते. कुठे उगवते, सांगाल का?”

जिरोलामाची नजर खाली गेली. एपिफानिओ आकाशाकडे बघायला लागला. त्याच्या सात पिढ्यांचं तोंड शिवलं गेलं होतं ते एका सभेने थोडंच उसवणार! गाढवसुद्धा थांबलं.

“उगवते की,” गांदोल्फा म्हणाली. “वर कोर्वोच्या पठारावर. चला, दाखवते; आम्ही रोज असतो तिथे कोणी ना कोणी. चाकू मात्र गाडीत ठेवा. आणि त्या टोपल्या कशाला रिकाम्या नेता? एपिफानिओभावजी, यांच्याकडे पाण्याचे डबे भरून द्या. वरची दोन रोपं राहिलीत आपली.”